दोन हात एक वीत

घरात शिरल्यावर ते आधी मालकाकडे बघतच नसत. मालक ओसरीवर उभा असायचा, खांद्यावर पांढरं उपरणं, आत चहा सांगितलेला. आमचे मिस्त्री त्याच्या बाजूने निघून थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. उंबरा ओलांडायचे नाहीत. बाहेर उभं राहून आतल्या अंधाराला विचारायचे, "माय, पाळणा कोठे टांगतस तुम्ही?"

पाळण्याचं कळलं की झोपाळ्याचं. मग शिंकं, मिरच्यांच्या माळा, लसणाच्या जुड्या, बियाण्यासाठी ठेवलेली कणसं. छताला जे जे लटकतं त्या सगळ्याची चौकशी व्हायची. घरात तान्हं मूल आहे की नाही याच्याशी त्यांना घेणं नसे. एका घरी दोघंच राहत होते, दोघंही साठीच्या पुढचे. मिस्त्रींनी पाळण्याचं विचारलं तशी म्हातारी पदराआड हसली आणि म्हातारा काठी घेऊन उठला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. घर तुमच्याहून जास्त जगणार आहे बाबा, म्हणाले, मी घराला विचारतोय.

विजेचं काम करताना त्यांच्या पायात खडावा असायच्या. अंगात खाकी सदरा, कमरेला पकड आणि खाली खडावा. नवीन गावात लोकांना वाटायचं, कुणी बैरागी वायर ओढायला आलाय. सुक्या लाकडातून वीज चढत नाही, एवढंच त्याचं कारण होतं. पण ते कुणाला सांगत नसत. कुणी हसलं तर आणखी जोरात वाजवत चालायचे.

हे सगळं साठ सालानंतरचं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि तापीकाठच्या गावांत नुकते विजेचे खांब उभे राहत होते. मी मालवणकडचा, सुताराचा मुलगा. सहावीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे एका ठेकेदाराबरोबर कापसाच्या जिनिंगच्या शेडचं छप्पर करायला इथवर आलो. शेड उभी राहिली, ठेकेदार गेला, मी राहिलो. इथली अहिराणी बोली मला कळत नव्हती. शाळेतली मराठी बोललो की लोक मला सरकारी माणूस समजून गप्प व्हायचे. कोकणातला आहे म्हटलं की नवापूरकडच्या कोकणी आदिवासी पाड्यातला समजून भलतीच बोली सुरू करायचे. दोन्हीकडून मी मुकाच. घरी पत्र लिहिताना 'काम चालू आहे' हे एक वाक्य तरी खरं असावं, यासाठी मी जिवाचं रान करत होतो.

लाकडाच्या वखारीत मी एकदा फळीला भोक पाडत होतो. भोक झाल्यावर फुंकर मारून भुसा उडवला आणि आत बोट फिरवून कड गुळगुळीत आहे का ते पाहिलं. ही वडिलांची सवय. मागे खडावांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर हा माणूस. माझ्या छातीएवढा उंच, आणि मी होतो सहा फुटांच्या वर. वर मान करून त्यांनी विचारलं, "किती शिकना?" मी घाबरत सांगितलं, सहावी, तीही अर्धी. "बरं झायं," म्हणाले. सातवी झालेले वायरमन कडीला खाच पाडतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी पुढे पुष्कळ सातवी झालेल्या वायरमनांना तोंडावर ऐकवलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे राहिलो. ज्या घरी मला उंबऱ्यातून परत पाठवलं नाही, असं त्या मुलखातलं ते पहिलं घर.

आता कडी म्हणजे काय ते सांगतो. त्या भागातल्या खात्यापित्या घरांना वर माडी असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागाची जाड लाकडं ओळीने टाकलेली असतात, त्या कड्या. वरच्या अंगाला फळ्या ठोकल्या की माडीची जमीन झाली. खालच्या अंगालाही हौसेने फळ्या मारतात, म्हणजे छत गुळगुळीत दिसतं आणि कड्या झाकल्या जातात. वीज एका भिंतीकडून दुसरीकडे न्यायची तर वायर या सगळ्या कड्यांतून आडवी जायला हवी. बाकीचे लोक काय करायचे, तर पटाशीने कडीच्या अंगाला खाच पाडायची, तीत वायर बसवायची आणि वरून फळी ठोकायची. एका दिवसात घर मोकळं. आम्हाला चार दिवस लागायचे.

मिस्त्री म्हणत, कडीच्या पाठीवर माणसं चालतात, तिथं ती दबते. पोटाशी ती ताणलेली असते. मधोमध मात्र ती निवांत असते. म्हणून भोक तिथं, बरोबर बेंबीतून. शिवाय मधोमध असलं की वरच्या फळीचा खिळा तिथवर पोचत नाही आणि खालच्याही नाही. भिंतीत टेकलेल्या टोकाजवळ भोक नाही. एका भोकाशेजारी दुसरं नाही. भोकात चिनीमातीची नळी, नळीतून वायर, आणि वायर ताणायची नाही, दोन बोटं ढिली. भोकं पाडायला त्यांनी सुतार ठेवला तो याचसाठी. लाकडाचं दुखणं वायरमनला कळत नाही, असं ते स्वतः वायरमन असून सांगायचे.

कड्या भोसकून झाल्या की ते मालकाला माडीवर चढवायचे आणि नाचायला सांगायचे. खरंच सांगतो. खाली शिडीवर उभं राहून कडीला कान लावायचे आणि ओरडायचे, जोरात. एका अडत्याने नकार दिला, व्यापारी माणूस नाचत नसतो म्हणाला. मग मिस्त्री स्वतः खडावांसकट माडीवर गेले आणि असे नाचले की तिथला भुईमूग जिन्यावरून खाली आला. लोक मला चिडवायचे, तुमचे मिस्त्री वीज जोडतात की सोयरीक? मी खाली मान घालायचो. ते घालत नसत. सोयरीकच शे, म्हणजे आहे, असं म्हणायचे, आणि ही मोडली तर घर जळतं.

असे का वागता, असं मी एकदाच विचारलं. सुरतेच्या गिरणीत त्यांनी काही पाहिलं होतं, असं लोक सांगत. कुणी म्हणे भाऊ गेला, कुणी म्हणे मुलगा. मला ते म्हणाले, नीट काम कराले कारण लागस का? मी पुन्हा विचारलं नाही.

काम संपलं की ते दोन गोष्टी करायचे. छताच्या फळीवर, जिथं आतून वायर जाते तिथं, गेरूची तांबडी रेघ ओढायचे. आणि एक कागद घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्यायचे, पुरुषाच्या नाही. कागदावर अक्षर नसे. कोपरापासून बोटापर्यंतचा हात काढलेला असे, एक किंवा दोन किंवा तीन, आणि पुढे पसरलेला पंजा, म्हणजे वीत. भिंतीपासून इतके हात, इतक्या विती, तिथं वायर आहे. तिथं खिळा, आकडा, काही मारायचं नाही. मी म्हटलं, इंचांत लिहू या. ते म्हणाले, माय टेप कोठून आणी? हात तिच्याजवळ असतोच. मला ते इतकं पटलं की मी घरी लिहिलेल्या पत्रातही ते लिहिलं.

याच कागदावर पुढे सगळं अडलं.

तापीकाठच्या एका गावात एक मोठं गुजर घर होतं. कापूस, केळी, दारात दोन बैलजोड्या. मालकाला सगळे पाटील म्हणत. गावात वीज पहिल्यांदा त्यांच्याकडे येणार होती आणि आणखी आठ घरं त्यांच्याकडे बघून ठरवणार होती. आम्ही कड्या भोसकल्या, वायर ओढली, खालच्या फळ्या मारल्या, रेघा ओढल्या, कागद दिला. तेवढ्यात पहिल्या बाळंतपणाला आलेली पाटलांची मुलगी मोकळी झाली. पाटलांनी ठरवलं, बारसं आणि वीज एकाच दिवशी, आणि बटण दाबायला तालुक्याहून मोठे पाहुणे. छताला आकाशी तेलरंग लावला. रेघा रंगाखाली गेल्या.

पाटलांच्या आईला घरात मोठी माय म्हणत. तिने मला रोज जेवू घातलं होतं. तुझं गाव कुठं, विचारलं. समुद्राजवळ म्हटल्यावर समुद्र केवढा असतो ते विचारलं. तापीच्या पुराएवढा, पण रोजचा, असं मी सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला माझी आई आठवली. बारशाच्या दोन दिवस आधी मिस्त्री खांडबाऱ्याला दुसऱ्या कामावर होते. मोठ्या मायने मला बोलावलं. पाळणा नेहमीच्या जागी नको, आतल्या भिंतीकडे टांगायचा होता, तिथं वारा लागत नाही. आकडा तिने काढून ठेवला होता, आणि कागदही. स्वतःहून. मिस्त्रींनी सांगितलेलं ती विसरली नव्हती.

कागदावर दोन हात आणि एक वीत. मी शिडीवर चढलो, छताला कोपर टेकवून भिंतीपासून दोन हात मोजले, पुढे वीत. इथं वायर. म्हणून वीतभर अलीकडे, बरोबर दोन हातांवर, खिळ्यांच्या रांगेवरून कडी ओळखून, आकडा फिरवायला लागलो. चार इंची, आट्यांचा. शेवटी शेवटी तो जरा सैल फिरला आणि मग पुन्हा धरला. लाकडात काहीतरी दोष असेल, म्हटलं. सुताराच्या मुलाने असं म्हणायला नको होतं. सागात आकडा सैल फिरतो तो पोकळीत गेला तरच. पण मोठी माय खाली उभी होती आणि मला तिचं काम लवकर करून द्यायचं होतं.

बारशाच्या दिवशी सकाळी वीज ऑफिसची माणसं लाइन जोडून गेली. मिस्त्रींनी मेन बंद ठेवून मेगर लावला. मेगर म्हणजे हँडल फिरवून वायरीचं आवरण धड आहे का ते दाखवणारी पेटी. काटा चांगला वर गेला. सगळं ठीक. दुपारी पाहुणे आले, गाव जमलं, बाळ पाळण्यात होतं, बायका साखळीला हात लावून झोके देत होत्या. जमीन सकाळीच शेणाने सारवलेली, अजून ओलसर. पाहुणे मेनच्या बटणाकडे निघाले आणि मिस्त्री, सवयीने, माजघराच्या उंबऱ्याकडे. तिथून त्यांनी पाळणा पाहिला. मग वर पाहिलं.

त्यांनी शिडी मागवली. छताला आपला आखूड हात टेकवला. दोन हात, एक वीत. बोट बरोबर आकड्यावर आलं. मेगरचं एक टोक त्यांनी आकड्याला लावलं, दुसरं मेनपाशी वायरीला, आणि हँडल फिरवलं. काटा पडला. आकडा कडीतल्या भोकात शिरून वायरीला चावला होता. सुकं सागवान वीज जाऊ देत नाही, म्हणून सकाळी काही कळलं नाही. बटण दाबलं असतं तर ती पाळण्याच्या साखळीत उतरली असती आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या, साखळीला हात लावलेल्या पहिल्या बाईची वाट बघत बसली असती.

मिस्त्रींनी मेनमधली फ्यूज काढली आणि खिशात टाकली.

एरवी ते अहिराणीच बोलायचे. रागावले की शाळेतली मराठी. "छत उघडावं लागेल," ते म्हणाले.

पाटील त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, पाळणा काढतो, आकडा काढतो, तासाभराचा प्रश्न आहे, पाहुणे गेले की काय ते करा.

"पाहुणे गेले की तुम्ही मला बोलावणार नाही. आज म्हणाल रंग ओला आहे, उद्या घरात लग्न आहे, परवा कापूस यायचाय. मी पाहिलंय. जखमी वायर आत ठेवून मी दिवा लावत नाही."

पाटलांचा आवाज आता सगळ्यांना ऐकू येऊ लागला. "आकडा कुणी मारला?"

 मोठी माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत होती. ती बोलली असती तर तिच्यावर आलं असतं, आणि गप्प राहिली तर माझ्यावर. मला आठवतं, माझ्या डोक्यात फक्त पत्राचं ते एक वाक्य होतं. हे काम गेलं की त्या मुलखात मला पाठ टेकायला जागा नव्हती. गप्प राहिलो असतो तर कदाचित निभावलंही असतं.

"मी," म्हटलं.

"म्हणजे चूक तुमच्या माणसाची," पाटील मिस्त्रींना म्हणाले, "आणि छत तोडायचं माझं."

मिस्त्रींनी मला पुढे ओढलं. माझी बाही वर केली, स्वतःची वर केली, आणि पाहुण्यांच्या, गावाच्या देखत आपलं कोपर माझ्या कोपराला भिडवलं. त्यांची बोटं जिथं संपली तिथून माझा हात अर्धी वीत पुढे गेला. याचे दोन हात म्हणजे माझे दोन हात आणि एक वीत, ते म्हणाले. याने मोजलं ते बरोबर.

"चित्र मी काढलं. हात कुणाचा, ते काढलं नाही. चूक माझी आहे, लिहून देतो. पण छत तोडायचंच."

पाटलांनी सांगितलं, गावातली आठ घरं आहेत, त्यातलं एकही तुम्हाला मिळणार नाही. नका देऊ, मिस्त्री म्हणाले, आणि पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. पाहुणे घड्याळ पाहू लागले. कुणीतरी मागून म्हणालं, याला उचलून बाहेर ठेवा. उचललं मात्र कुणी नाही.

मग मोठी माय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून माजघरात आली. परक्या पुरुषांसमोर ती येत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. तिने पाळण्यातून बाळ उचललं, नातीच्या हातात दिलं आणि पाटलांकडे न बघता मला म्हणाली, "काढ पोऱ्या, फळी."

मी पाटलांकडे पाहिलं. मिस्त्रींकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. पटाशी फळीच्या सांध्यात घातली. रंग तडकला, आकाशी कपच्या पाहुण्यांच्या कोटावर पडल्या. फळी सुटली. आकड्याचे आटे वायरीच्या काळ्या रबरात रुतले होते आणि आत तांबं चमकत होतं, नवं कोरं. मिस्त्रींनी पाटलांना शिडीवर चढायला लावलं. पाटील चढले. बराच वेळ वर राहिले. उतरून पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले.

तो तुकडा बदलून, फळी परत ठोकून फ्यूज बसवेपर्यंत दिवस कलला होता. दिवा लागला. पाटलांनी वर पाहिलं नाही. आम्हाला गाडीही दिली नाही. आम्ही चालत निघालो.  नदीजवळ आल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "तू बोलना ते बरं झायं." मला काढून टाकणार का, हे विचारायला मी शब्द जुळवत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर मेगरची जड पेटी ठेवली, सांभाळून ने म्हणाले. तेव्हा कळलं की उद्याही मी आहे.

पाटील शब्दाचे पक्के. आठही घरं दुसऱ्या वायरमनला गेली. नंदुरबारात ती गोष्ट तिखटमीठ लावून पसरली आणि आमची आणखी दोन कामं त्यापायी सुटली. चहाच्या दुकानात लोक मिस्त्रींना बघून छताकडे बोट दाखवायचे. मिस्त्री तिथंच बसून दुसरा चहा मागवायचे. मी एकदा भीत भीत म्हटलं, थोडं नमतं घेऊ या का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप विसळायला उठलो.

पंधरा-वीस दिवसांनी तो दुसरा वायरमन स्वतः आमच्या दारात आला. बगलेत पऱ्हाट्यांची मोळी, कपाशीची वाळलेली झाडं सोलून केलेल्या काठ्या. आठ होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं सूत बांधलेलं, लांबी प्रत्येकीची निराळी. त्याने मोळी आमच्यासमोर टाकली. सांगायला लागला की त्या गावात बाया शिडी लावू देत नाहीत. मोठी माय घरोघर फिरली. प्रत्येकीने आपला हात जमिनीवर ठेवून कोपरापासून बोटापर्यंत काठी तोडलीय. या काठीने मोजून कागद काढून दे, म्हणतात, नाहीतर घरात पाय ठेवू नको. पाटलांनी समजावलं, तर त्यांच्याच आईने नववी काठी त्यांच्यासमोर तोडली. ती घरात मीटरजवळ टांगलीय.

"काय वेड लावून आलात हो गावाला?" तो म्हणाला.

मिस्त्रींनी मोळी सोडली. एकेक काठी उचलून आपल्या कोपराशी लावून पाहिली. आठांतली एकही त्यांच्या हाताएवढी नव्हती. काठ्या पुन्हा नीट बांधून त्यांनी त्याच्या हातात दिल्या.

"वेड नई, भो," ते म्हणाले. "माप शे."